टोल्कीनच्या अभ्यासक-वाचकांत बसायचं असेल तर: नव्यांसाठी वाटाड्या

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर गप्पा मारणाऱ्या मुरलेल्या मंडळात तुम्ही एखादं ठाम विधान केलंत, की पहिला प्रश्न येतो, “हे कुठे आलंय?” नव्या माणसाला तो खवचट वाटतो, पण त्यामागे कारण आहे. या कादंबरीचे इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्कीन यांनी जवळपास सहा दशकं एकाच कल्पित जगाबद्दल लिहिलं, आणि त्यातलं फार थोडं स्वतःच्या हयातीत छापलं. बाकीचं त्यांच्या मुलाने, क्रिस्टोफर यांनी, १९७३ नंतर कागदांच्या ढिगाऱ्यातून लावून प्रसिद्ध केलं. त्यामुळे एकाच प्रश्नाला १९१७चं एक उत्तर, १९३७चं दुसरं आणि १९६०च्या दशकातलं तिसरं असू शकतं. तुम्ही कुठल्या उत्तराबद्दल बोलताय हे कळल्याशिवाय पुढे बोलणंच होत नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना हा प्रकार लगेच उमगेल. फरक एवढाच, की इथे सगळे पाठभेद एकाच माणसाच्या हातचे आहेत.

आधी मूळ पुस्तकं, आणि आवृत्ती बघून

‘द हॉबिट’ (१९३७) आधी, मग ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). कथेतल्या कालक्रमाने जायचं म्हणून ‘द सिल्मरिलियन’पासून (त्याच जगाच्या प्राचीन काळाच्या कथा) सुरुवात करणारे बहुतेक जण नावांच्या जंगलात पन्नासाव्या पानाच्या आत गळतात. ते तिसरं घ्या.

‘रिंग्ज’ तीन खंडांत निघालं ते प्रकाशकाच्या सोयीने. लेखकाच्या लेखी ती एकच कादंबरी, सहा भागांची. तीत एकूण ६२ प्रकरणं आहेत आणि शेवटी ए ते एफ (A-F) अशी सहा परिशिष्टं. म्हणून संदर्भ देताना पानाचा आकडा देऊ नका. पान आवृत्तीगणिक बदलतं आणि समोरचा भलत्याच पानावर शोधत बसतो. भाग आणि प्रकरण द्या: ‘२.५’ म्हणजे दुसरा भाग, पाचवं प्रकरण. परिशिष्ट असेल तर अक्षर आणि उपविभाग.

प्रत विकत घेताना २००४ची पन्नाशीची आवृत्ती किंवा तिच्यावरून पुढे छापलेली घ्या. वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या दोघांनी तिचा मजकूर तपासून दुरुस्त केला आहे. पहिल्या छपाईतच खिळे जुळवणाऱ्यांनी लेखकाची मुद्दाम वापरलेली ‘ड्वार्व्हज’, ‘एल्विश’ ही रूपं शब्दकोशाप्रमाणे ‘ड्वार्फ्स’, ‘एल्फिश’ अशी ‘सुधारून’ ठेवली होती. पुढच्या प्रत्येक जुळणीत जुन्या चुका निघाल्या आणि नव्या शिरल्या. रद्दीच्या दुकानात मिळालेली जुनी प्रत वाचायला उत्तम, पण एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करायचा असेल तर नव्या प्रतीशी ताडून घ्या.

‘हॉबिट’चं प्रकरण आणखी गमतीचं. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत गुहेतला गॉलम कोड्यांच्या खेळात अंगठी पैजेवर लावतो, हरल्यावर ती सापडत नाही म्हणून कथानायक बिल्बोची माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या कादंबरीत त्या अंगठीचा स्वभावच बदलला, तेव्हा टोल्कीननी ते पाचवं प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१पासून नवं रूप छापलं जाऊ लागलं. आज दुकानातल्या प्रतीत असतं ते हेच रूप. जुनी हकीकत लेखकाने टाकून दिली नाही. बिल्बोने आधी खोटं सांगितलं होतं, असं म्हणून ती कथेतच मुरवली.

मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने अनुवाद आहे. आधी त्यातून गोष्ट वाचून काढायला काहीच हरकत नाही. मात्र शब्दावरचा वाद अनुवादाच्या आधाराने करू नका. तिथे मूळ इंग्रजी ओळ शेजारी हवीच.

आठवड्याला दोन प्रकरणं या वेगाने ३१ आठवड्यांत कादंबरी होते. वाचताना वहीत तीन रकाने करा: कुठे (भाग, प्रकरण), कोण म्हणतं, काय म्हणतं. मधला रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. ट्रीबिअर्ड हा झाडासारखा वृक्षरक्षक सांगतो की महाअंधाराच्या काळात शत्रूने एल्फ या अमर वंशाची नक्कल म्हणून ऑर्क, म्हणजे त्याच्या फौजेतले क्रूर जीव, बनवले (३.४). हे निवेदकाचं वाक्य नाही, एका पात्राचं आहे. टोल्कीननी एका पत्रात स्वतःच बजावलं आहे की ट्रीबिअर्ड हे माझ्या कथेतलं पात्र आहे, मी नव्हे, आणि त्याला ठाऊक नसलेलंही बरंच आहे.

थर ओळखणं

नव्या माणसाचा बहुतेक वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा.

सगळ्यात वर लेखकाने हयातीत छापलेलं: ‘हॉबिट’, ‘रिंग्ज’, ‘टॉम बॉम्बाडिल’च्या कविता (१९६२) आणि ‘द रोड गोज एव्हर ऑन’मधल्या टिपा (१९६७). त्याखाली ‘सिल्मरिलियन’ (१९७७). हे पुस्तक सलग दिसतं, पण वेगवेगळ्या दशकांतल्या मसुद्यांतून क्रिस्टोफर यांनी गाय गॅव्ह्रिएल के यांच्या मदतीने ते बांधलं आहे. डोरिआथच्या विनाशाच्या प्रकरणाला तर पुरेसा मजकूरच नव्हता. ते बऱ्याच अंशी संपादकांनी रचलं, हे क्रिस्टोफर यांनी पुढे स्वतः सांगितलं. मग ‘अनफिनिश्ड टेल्स’ (१९८०): अपुऱ्या कथा, पण टिपांसकट, म्हणजे संपादकाचा हात कुठे आहे ते बरंचसं दिसतं. आणि शेवटी ‘द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे १२ खंड (१९८३ ते १९९६), ज्यात कच्चे मसुदे भाष्यासह दिले आहेत. २०२१मध्ये कार्ल होस्टेटर यांनी संपादित केलेलं ‘द नेचर ऑफ मिडल-अर्थ’ याच रांगेतलं.

बारा खंड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. ‘रिंग्ज’ कशी घडली हे बघायचं असेल तर ६, ७, ८ आणि नवव्याचा पहिला भाग. ऑर्क, मृत्यू, अमरत्व, वाईटाचं मूळ असल्या प्रश्नांसाठी दहावा. वंशावळी आणि उशिराच्या टिपणांसाठी बारावा. पहिल्या दोन खंडांत तरुणपणचं लेखन आहे. ते सुंदर आहे, पण त्याच्या आधाराने ‘रिंग्ज’मधल्या घटनेचा अर्थ लावायचा म्हणजे मधली तीस वर्षं उडवून लावायची.

थरांचं भान नसेल तर काय होतं, याचा नमुना म्हणजे एल्फांचा राजा गिल-गॅलाड याचा बाप कोण हा प्रश्न. ‘सिल्मरिलियन’ म्हणतं, फिंगॉन. ‘अनफिनिश्ड टेल्स’मधल्या एका पत्राच्या मायन्यातही तो फिंगॉनचाच मुलगा आहे. दोन पुस्तकांची साक्ष जुळली म्हणून नवा माणूस निश्चिंत होतो. बारावा खंड उघडला की उलगडा होतो. त्या पत्राच्या मूळ हस्तलिखितात फिंगॉनचं नावच नाही. तिथे तो फिनार्फिनच्या घराण्यातला आहे, आणि ‘सिल्मरिलियन’शी मेळ बसावा म्हणून क्रिस्टोफर यांनीच ते बदललं होतं. म्हणजे साक्षीदार दोन नव्हते, एकच होता आणि तो दोनदा बोलला. टोल्कीन यांचा शेवटचा विचार गिल-गॅलाड हा ओरोड्रेथचा मुलगा असा होता, आणि फिंगॉनचं नाव घालणं ही चूक झाली, हेही क्रिस्टोफर यांनी तिथे मान्य केलं आहे. यावर चर्चेत उभं राहणारं वाक्य असं: “छापील सिल्मरिलियनप्रमाणे फिंगॉन, लेखकाच्या उशिराच्या टिपणांप्रमाणे ओरोड्रेथ.” दोन्ही अर्धी सांगा, एक गाळू नका.

अशीच गत बॅलरॉग या अग्निराक्षसांच्या संख्येची. जुन्या लेखनात ते फौजेने येतात. दहाव्या खंडातल्या एका समासटिपेत लेखक म्हणतो, तीन किंवा फार तर सात. कुठलं ‘खरं’ यावर लोक हमरीतुमरीवर येतात. कुठलं कधीचं, एवढं विचारलं तर निम्मी भांडणं मिटतात.

पत्रं वापरताना

हम्फ्री कार्पेंटर यांनी क्रिस्टोफर यांच्या मदतीने संपादित केलेला पत्रसंग्रह १९८१चा. त्यात ३५४ पत्रं आहेत. वाढवलेली आवृत्ती २०२३मध्ये आली. संदर्भ पत्राच्या क्रमांकाने द्यायचा, सोबत कुणाला आणि कधी. आधी वाचायचीच तर ही पाच: १३१ (मिल्टन वॉल्डमन यांना, सगळ्या जगाचा आराखडा, सुमारे १०,००० शब्द), १४२ (रॉबर्ट मरे यांना, कादंबरीच्या कॅथलिक असण्याबद्दल), १४४ (नेओमी मिचिसन यांना), २१० (चित्रपटाच्या एका पटकथेची चिरफाड) आणि २४६ (‘रिंग्ज’चा नायक फ्रोडो याच्या अपयशाबद्दल).

पत्र हे पुरावा म्हणून दुबळं का ठरतं हे समजून घ्या. लेखक विचारणाऱ्याच्या कलाने लिहितो, वर्षांनंतर आठवून लिहितो, आणि कधी ते पाठवतच नाही. ट्रीबिअर्डबद्दलचं वर सांगितलेलं वाक्य १५३व्या पत्रातलं. ते मसुदाच राहिलं. आपण स्वतःला फारच मोठं समजायला लागलो, असा शेरा मारून टोल्कीननी ते ठेवून दिलं. २४६ हेही मसुद्यांवरूनच छापलं आहे. असं पत्र वापरू नये असं नाही, पण ‘न पाठवलेला मसुदा’ हे तीन शब्द जोडा.

टॉम बॉम्बाडिल हे ‘रिंग्ज’मधलं गूढ पात्र नेमकं कोण, यावर नवा सिद्धांत घेऊन येणाऱ्याने १४४ आधी वाचावं. काही कोडी कोडीच राहायला हवीत आणि बॉम्बाडिल हे मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सिद्धांत मांडायला बंदी नाही. फक्त कोडं सुटल्याची घोषणा करू नका. ‘अंगठी नष्ट करायला गरुडांवर बसून थेट का गेले नाहीत’ हा प्रश्न तर रोज कुणीतरी नव्याने शोधून काढतो. २१०मध्ये लेखकाने गरुडांना ‘धोकादायक यंत्र’ म्हटलं आहे आणि ते जपून वापरल्याचं सांगितलं आहे. ते वाचून मगच उडी घ्या.

एक वाद हातात घेऊन: बॅलरॉगला पंख होते का?

हा वाद इतका जुना आहे की त्याची थट्टा होते, पण सरावासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. मोरियाच्या खाणीत, पुलावर बॅलरॉग समोर येतो तो सगळा प्रसंग एका प्रकरणात आहे, २.५.

आधी मूळ ओळी उतरवून घ्या, आठवणीवर विसंबू नका. पहिली ओळ: त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. काही वाक्यांनंतर दुसरी: तो उंच झाला आणि त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. पहिल्या ओळीत ‘सारखी’ आहे, दुसरीत नाही. अख्खा वाद एवढ्यावर उभा आहे. एक पक्ष म्हणतो, उपमा एकदा दिली की पुढे ‘सारखं’ पुन्हा म्हणायची गरज नसते, म्हणजे दुसऱ्या ओळीतले पंखही सावलीचेच. दुसरा म्हणतो, आधी अंधारात नीट दिसलं नव्हतं, मग दिसलं.

आता बाहेरचे पुरावे, वजन करून. पूल तुटल्यावर तो खोल दरीत कोसळतो, उडत नाही. हे पंख नसल्याचं सिद्ध करत नाही, फार तर उडता येत नसल्याचं. दहाव्या खंडातल्या मजकुरात बॅलरॉग ‘पंखांच्या वेगाने’ हिथलुम या प्रदेशावरून गेले असे शब्द आहेत. पण तो वेगाचा वाक्प्रचारही असू शकतो, आणि १९७७च्या छापील पुस्तकात ते शब्द नाहीत. कुणी चित्रपटातल्या पंखांचा दाखला दिला तर तो मोजू नका.

मग लिहा: मजकूर काय म्हणतो, त्यातून काय निघतं, काय निघत नाही. आमचा कल सावलीच्या बाजूला आहे. त्या प्रकरणात त्या प्राण्याचं रूप आधीपासूनच धूसर ठेवलेलं आहे आणि पंख त्या धूसरपणात बसतात. पण उलट बाजूने नीट मांडणी करणाऱ्याला कुणी अडाणी म्हणणार नाही. ओळी न वाचता आलेल्याला म्हणतील.

चित्रपटाचं गाठोडं वेगळं

पीटर जॅक्सन यांचे चित्रपट (२००१ ते २००३) पाहून आलेल्यांचं स्वागतच होतं. अडचण होते ती आठवणी मिसळल्या की. नदीच्या उतारावर फ्रोडोला घेऊन आर्वेन ही एल्फ स्त्री घोडा दामटते ते पडद्यावर. पुस्तकात ग्लोर्फिंडेल या एल्फ सरदाराच्या घोड्यावर फ्रोडो एकटा असतो आणि पाठलाग करणाऱ्यांना एकटाच आव्हान देतो. पुस्तकात हेल्म्स डीपच्या किल्ल्यातल्या लढाईला एल्फांची पलटण येत नाही. बिल्बोच्या मेजवानीपासून फ्रोडो निघेपर्यंत १७ वर्षं जातात. शायर ही हॉबिटांची मायभूमी उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभी राहते ते प्रकरण (६.८) चित्रपटात नाहीच, आणि पुस्तकाचा अर्थ त्याच्यावाचून लंगडा पडतो. रूपांतरांचा अभ्यास हीसुद्धा एक रीतसर शाखा आहे. तिथे चित्रपट हाच मूळ मजकूर धरतात. कुठल्या बाजूने बोलताय तेवढं आधी सांगा.

भाषांच्या वाटेला जाणार असाल तर

टोल्कीनच्या भाषेतली ओळ अंगावर गोंदवून घेण्याआधी थांबा. अंगठीवरचा लेख एल्फांच्या लिपीत आहे, पण भाषा शत्रूच्या देशाची, मॉर्डॉरची, ‘ब्लॅक स्पीच’. टोल्कीननी रचलेल्या क्वेन्या आणि सिंदारिन या एल्फांच्या दोन भाषांचं बरंच साहित्य छापलेलं आहे, तरी रोज बोलता येईल इतकं नाही. त्यामुळे चाहत्यांनी रूपं जुळवून वाढवलेली भाषाही प्रचारात आहे. टोल्कीनच्या हातचं रूप कुठलं आणि नंतर जुळवलेलं कुठलं, हे विचारल्याशिवाय शब्द उचलू नका. पाचव्या खंडातला ‘एटिमॉलॉजीज’ हा कोश १९३०च्या दशकातला आहे. त्यातल्या ‘नोल्डोरिन’चीच पुढे सिंदारिन झाली, पण ध्वनी आणि रूपं बदलून. तिथला शब्द जसाच्या तसा घेऊन वाक्य केलं की दोन काळांची खिचडी होते. गंभीर काम ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ आणि ‘विन्यार टेंगवार’ या नियतकालिकांत आहे.

अभ्यासकांचं काय वाचावं

टॉम शिपी यांचं ‘द रोड टु मिडल-अर्थ’ (१९८२) पहिलं. टोल्कीन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि कथा शब्दांच्या व्युत्पत्तीतून कशी उगवली, हे त्यात धरून दाखवलं आहे. व्हर्लिन फ्लीगर यांचं ‘स्प्लिंटर्ड लाइट’ (१९८३) प्रकाश आणि भाषेबद्दल. जॉन गार्थ यांचं २००३चं पुस्तक पहिल्या महायुद्धाबद्दल, आणि दिमित्रा फिमी यांचं २००८चं वंश आणि संस्कृतीबद्दल. ऑर्क आणि वर्णभेद यावर तोंड उघडण्याआधी फिमींचं पुस्तक वाचाच. टोल्कीनचे स्वतःचे दोन निबंधही टाळू नका: ‘बेओवुल्फ’वरचं १९३६चं व्याख्यान आणि परीकथांवरचं १९३९चं.

नियतकालिकांत ‘जर्नल ऑफ टोल्कीन रिसर्च’ विनामूल्य वाचता येतं आणि ‘मिथलोर’चे जुने अंकही. ‘टोल्कीन स्टडीज’ २००४पासून निघतं आणि सहसा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळवावं लागतं. इथे एक गोष्ट ध्यानात येईल: या क्षेत्रात चाहता आणि अभ्यासक अशी भिंत फारशी नाही. हॅमंड आणि स्कल हे पेशाने ग्रंथपाल, होस्टेटर नासात संगणकतज्ज्ञ. पदवी विचारत नाहीत, संदर्भ विचारतात.

मंडळं आणि मेळावे

ब्रिटनची टोल्कीन सोसायटी १९६९मध्ये व्हेरा चॅपमन यांनी सुरू केली. अमेरिकेतली मिथोपीइक सोसायटी १९६७ची, ग्लेन गुडनाइट यांची. तिच्यात टोल्कीनबरोबर त्यांचे लेखकमित्र सी. एस. लुइस आणि चार्ल्स विल्यम्सही येतात. टोल्कीन सोसायटीचा ‘ऑक्सनमूट’ हा मेळावा दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास ऑक्सफर्डला भरतो. त्यात निबंधवाचन, वेशभूषा आणि गाणी असतात, आणि रविवारी वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत टोल्कीन यांच्या कबरीपाशी छोटा स्मरणविधी होतो. अलीकडे तो घरबसल्याही बघता येतो. सप्टेंबरात आपण ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो. तिथली सकाळची सत्रं आपल्याला दुपारी सोयीची पडतात, रात्रीचं संगीत मध्यरात्र उलटून सुरू होतं.

स्वतःचा गट काढायचा असेल तर २५ मार्च हा मुहूर्त धरा. कथेत अंगठी नष्ट झाली तो हा दिवस, आणि टोल्कीन सोसायटीने २००३पासून तो वाचनदिन केला आहे. सहा ते आठ माणसं, दीड तास, एक प्रकरण, आणि त्यातलं एक पान ओळ-न-ओळ मोठ्याने वाचायचं. दहाच्या वर माणसं झाली की दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. आधीच ठरवा की पुढचं कुणी फोडायचं नाही, नाहीतर पहिल्यांदा वाचणारे तिसऱ्या बैठकीला येत नाहीत.

पहिला निबंध

विषय बोटाएवढा घ्या. ‘टोल्कीन आणि पर्यावरण’ परत येईल. ‘शायर स्वच्छ करताना (६.८, ६.९) कुठली झाडं पुन्हा लावली जातात आणि कुठली नाही’ यावर विचार होईल. परिषदेला पाठवायचा गोषवारा साधारण २५० ते ३०० शब्दांचा: प्रश्न, कुठले मजकूर बघणार, आधी कोण काय म्हणालं, तुमचं वेगळं काय. २० मिनिटांचं वाचन म्हणजे इंग्रजीत फार तर २,५०० शब्द. त्यावर गेलात तर अध्यक्ष शेवट वाचू देत नाहीत, आणि निष्कर्ष नेमका तिथेच असतो.

महाभारताशी किंवा रामायणाशी तुलना हा आपल्याकडच्यांचा आवडता विषय. साम्य दाखवून थांबलात तर तो निबंध होत नाही. टोल्कीनच्या वाचनात ते होतं का, हे पुराव्याने दाखवता येत नसेल तर ‘प्रभाव’ हा शब्द वापरू नका. दोन परंपरा एकाच प्रश्नाला कशा भिडतात एवढंच म्हणा, आणि मग दोन्हीकडच्या आवृत्त्या सांगा.

हस्तलिखितं बघायचीच असतील तर ‘हॉबिट’ आणि ‘रिंग्ज’ची अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात आहेत, त्यांनी ती १९५७मध्ये १,५०० पौंडांना घेतली. बाकी बहुतेक कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. पहिल्या निबंधाला तिथवर जायची गरज नसते, बारा खंड पुरतात. लेख पाठवताना त्या नियतकालिकाची संक्षेपांची पद्धत आधी बघा आणि एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. तपासणीला महिने लागतात आणि तपासणारी माणसं बहुधा दोन्हीकडे तीच असतात.